मशेरीमुळे आईला विस्मरण झालं का?

डॉक्टर ताई,
माझी आई ७४ वर्षांची आहे. आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो. दोन महिन्यांपूर्वी मेंदूच्या डॉक्टरांनी तिला अल्झायमरची सुरुवात असल्याचं सांगितलं. आई चाळीस वर्षं मशेरी लावते. तोंडात अकराच दात उरलेत, ते हलतात, हिरड्यांतून रक्त येतं. परवा मोबाईलवर एक व्हिडिओ आला. हिरड्यांतले जंतू मेंदूत जातात आणि त्यानेच माणूस सगळं विसरतो, असं त्यात सांगितलंय. तेव्हापासून मला झोप नाही, कारण तंबाखू तव्यावर भाजून, कुटून तिची डबी मीच भरत आले. इथले दातांचे डॉक्टर म्हणतात, उरलेले सगळे दात काढू आणि कवळी बसवू. भाऊ म्हणतो, या वयात दातांवर कशाला खर्च करायचा? ब्रश घेऊन गेले की आई हात झटकते. संध्याकाळ झाली की बिथरते, ‘मला घरी जायचंय’ म्हणते. दात काढले तर तिचं विसरणं थांबेल का?
– एक मुलगी

ताई,

आधी त्या डबीबद्दल बोलते, कारण तुमची झोप तिनं उडवलीय.

तुमच्या आईंच्या पिढीत, आपल्या भागात, मशेरी लावणं म्हणजेच दात घासणं होतं. सासूनं सुनेला दिली, शेजारणीनं शेजारणीला. दाढ ठणकली की मशेरी, पोट साफ होत नाही म्हणून मशेरी. टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ मध्ये बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूपर्यंत ती बंदी कधी पोचलीच नाही. आईंनी मागितली आणि तुम्ही भरून दिलीत, जशा पाटावर बसल्या की पाणी दिलंत. मशेरीनं त्यांच्या हिरड्यांचं नुकसान केलं, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण तिनंच अल्झायमर आणला असं एका माणसाकडे बोट दाखवून जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. या आजारातले मेंदूतले बदल पहिली विसरभूल दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू झालेले असतात आणि त्यामागे वय हे सगळ्यात मोठं कारण असतं. आपल्या देशात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सातांहून थोड्या जास्त जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज ढासळण्याचा आजार, आहे; अल्झायमर हा त्याचाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. एकूण सुमारे ८८ लाख माणसं. त्यात कधीही तंबाखूला हात न लावलेली, बत्तिशी शाबूत असलेलीही पुष्कळ आहेत.

आता त्या व्हिडिओबद्दल. त्यात सांगितलेलं सगळं खोटं नाही, म्हणूनच ते मनाला लागतं.

पायरिया झालेल्या हिरडीत पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा एक जंतू राहतो. २०१९ च्या जानेवारीत ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. अल्झायमरनं गेलेल्या माणसांच्या मेंदूत हा जंतू आणि तो सोडतो ती विकरं (एन्झाइम्स) सापडल्याचं त्यात होतं. उंदरांच्या तोंडात हा जंतू सोडल्यावर तो त्यांच्या मेंदूपर्यंत पोचला, हेही होतं. जगभर बातम्या झाल्या. तुमच्या मोबाईलवरचा व्हिडिओ त्याच बातमीचं पिल्लू असणार.

पण व्हिडिओ तिथंच थांबतो, गोष्ट पुढं गेली. ज्या कंपनीच्या संशोधकांनी हा निबंध लिहिला, तिनंच त्या विकरांना अडवणारं औषध तयार केलं आणि सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्या ६४३ रुग्णांवर ४८ आठवडे त्याची चाचणी घेतली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये निकाल आला. सगळे रुग्ण धरून पाहिलं, तर औषध घेणाऱ्यांची स्मृती आणि रोजचं वागणं औषध न घेणाऱ्यांइतकंच घसरलं होतं. म्हणजे जंतू मेंदूत सापडणं आणि आजार त्यानंच होणं यांत अजून बरंच अंतर आहे. आजारानं पोखरलेल्या मेंदूत तो मागाहून शिरला असेल, हीसुद्धा शक्यता आहेच.

दात आणि स्मृती यांचा संबंध मात्र पुन्हा पुन्हा दिसतो, आणि दातांची डॉक्टर म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १४ वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत ३४,०७४ माणसं होती. ज्यांचे जास्त दात गेले होते, त्यांच्यात डिमेन्शियाचा धोका २८ टक्क्यांनी जास्त आढळला. आणि एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. दात गेले पण कवळी बसवली, अशा माणसांमध्ये हा फरक तितका ठळक राहिला नाही. यावरून कवळी मेंदू वाचवते असं म्हणायची घाई मी करणार नाही. ज्याच्या घरात कवळीसाठी पैसे आणि माणसं आहेत, त्याच्या घरात इतरही काळजी घेतली जाते. पण चावणं, खाणं आणि पोषण यांचा यात हात असावा, एवढं दिसतं. तोंडाचं बोळकं झालं की भाकरी सुटते, कच्ची काकडी सुटते, शेंगदाणे सुटतात. उरतो चहा आणि त्यात बुडवलेली खारी.

हा संबंध उलट्या दिशेनंही चालतो, आणि तुमच्या घरात आज तोच चालू आहे. दात घासणं आपल्याला एक काम वाटतं, पण टोपण काढायचं, पेस्ट लावायची, घासायचं, चूळ भरायची, थुंकायचं, ब्रश धुवायचा, अशी ती ओळीनं करायची सहा-सात कामं आहेत. अल्झायमरमध्ये ही ओळ तुटते. माणूस ब्रश हातात धरून उभा राहतो आणि पुढं काय ते सुचत नाही. मग एक दिवस राहून जातं, मग आठवडा, आणि हिरड्या आणखी बिघडतात. त्यात लघवीच्या त्रासाच्या, ॲलर्जीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की कीड भराभर लागते.

म्हणून सरळ उत्तर देते. दात काढले तर आईंचं विसरणं थांबणार नाही. दात स्वच्छ केले तरीही थांबणार नाही. कुणी तशी हमी देऊन पैसे मागत असेल, तर तिथून उठा.

तरीही त्यांच्या तोंडाची काळजी आजपासूनच घ्या असं मी कळकळीनं सांगते, आणि त्याचं कारण मला माझ्या आत्यानं शिकवलं. तिला शेवटची तीन वर्षं हाच आजार होता. एकदा ती ताट ढकलायला लागली. जेवायला बसवलं की चिडायची, चेहऱ्याला हात लावू द्यायची नाही. घरातल्या सगळ्यांनी धरून चाललं की आजार वाढला. मीसुद्धा. रोज दुसऱ्यांच्या तोंडात पाहणाऱ्या मला आत्याच्या तोंडात बॅटरी मारून पाहायला दीड महिना लागला. खालच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दाढ काढली आणि चौथ्या दिवशी तिनं आमटीभात मागून खाल्ला. तो दीड महिना माझ्या मनातून जात नाही. दुखतंय हे सांगायला तिच्याकडे शब्द उरले नव्हते.

तुमच्या आईंकडे शब्द अजून आहेत. हेच मला या पत्रात सगळ्यात जास्त सांगायचंय. आजार सुरुवातीला आहे. त्या खुर्चीत बसू शकतात, तोंड उघडा म्हटलं की उघडू शकतात, ‘इथं दुखतंय’ म्हणू शकतात, हो किंवा नाही म्हणू शकतात. दातांचं जे काही करायचं ते येत्या दोन-चार महिन्यांत करून घ्या. दोन वर्षांनी हेच काम त्यांना भूल देऊन करावं लागेल, किंवा करताच येणार नाही.

सगळे दात काढण्याच्या सल्ल्याला मात्र मी लगेच हो म्हणणार नाही. मी त्यांचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे तुमचे डॉक्टर चुकले असंही म्हणत नाही. पण पूर्ण कवळी वापरणं ही शिकायची गोष्ट आहे. खालची कवळी तर जीभ आणि गालाचे स्नायूच धरून ठेवतात, आणि ते कसब अंगात यायला धडधाकट माणसालाही काही आठवडे लागतात. अल्झायमरमध्ये नवीन शिकणंच अवघड होतं. असे कितीतरी रुग्ण मी पाहिलेत, ज्यांनी नवी कवळी चार दिवसांत उशीखाली, रुमालात, नाहीतर कचऱ्यात टाकली. दात गेले ते गेलेच, आणि कवळीही नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारा, की अकरांपैकी खरोखर न वाचणारे दात कोणते? पू असलेले, लोंबकळणारे, दुखणारे दात जरूर काढा. पण दोन-चार दात, विशेषतः खालचे सुळे, घट्ट असतील तर ते ठेवून त्यांच्या आधारानं अर्धी कवळी बसते का? कधीकधी दात वरून कापून मूळ तेवढं ठेवतात आणि त्यावर कवळी बसवतात, ती कमी हलते. त्याआधी एक्स-रे काढा, हिरड्यांची सफाई करून घ्या आणि महिनाभरानं पुन्हा पाहा. सफाईनंतर सूज उतरली की काही हलते दात थोडे घट्ट होतात. हे सगळं बोलायला डॉक्टरांकडे वेळ नसेल, तर दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत दुसरं मत घ्या.

त्याच खेपेला एक गोष्ट विसरू नका. चाळीस वर्षांची मशेरी आहे, तेव्हा गालाच्या आतून, जिभेखाली, हिरडीच्या खोबणीत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, न भरणारी जखम आहे का, तोंड पूर्वीइतकं उघडतं का, हे नीट पाहून घ्या. तोंडाच्या कॅन्सरची ही पहिली लक्षणं असू शकतात. तुमच्या पत्रातली मला वाटलेली खरी धास्ती ही आहे. आणि साखर तपासा. मधुमेहानं हिरड्या बिघडतात, बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आवरत नाही, आणि मधुमेह हा डिमेन्शियाचाही मान्य झालेला धोका आहे. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यात हिरड्यांचं नाव नाही, पण मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा हे सगळे आहेत. आईंचे कान आणि डोळेही तपासून घ्या. ऐकू न आल्यानं चुकलेलं उत्तर आपण विसरण्याच्या खात्यात टाकतो.

आता रोजचं घासणं. हात झटकण्याचा तुम्हाला राग येत असेल आणि मग त्या रागाचं वाईटही वाटत असेल. पण त्यांच्या बाजूनं पाहा. समोरून कुणीतरी एक काडी घेऊन येतं आणि तोंडात घालतं. त्या घाबरून हात झटकतात.

ब्रश त्यांच्याच हातात द्या. त्यांच्या हातावर तुमचा हात ठेवा आणि दोघींनी मिळून सुरुवात करा. चाळीस वर्षं बोटानं मशेरी घासलेल्या हाताला ती हालचाल पाठ आहे. बहुतेकदा पहिले चार फेरे झाले की हात आपला आपण चालू लागतो. तुम्ही स्वतःचा ब्रश घेऊन शेजारी बसा आणि तुमचे दात घासा, पाहून त्या करतील. एका वेळी एकच वाक्य बोला. ‘आ करा.’ थांबा. ‘आता चूळ भरा.’ लहान मुलांचा मऊ ब्रश आणा, त्याचं डोकं लहान असतं. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढीच घ्या. लाल दंतमंजन, राख, मीठ, विटेची पूड यांनी दात झिजतात, ते नको. मोरीवर उभं करण्यापेक्षा खुर्चीवर बसवा, समोर वाटी धरा. चूळ थुंकता येत नसेल, तर ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसून घ्या. बोट मात्र दातांच्या मध्ये घालू नका, दचकून त्या चावतील. नाहीच ऐकलं तर सोडून द्या. अर्ध्या तासानं, एखादं आवडीचं गाणं लावून, पुन्हा या. त्यांना चांगलं वाटतं ती सकाळची वेळ धरा. रात्री झोपताना एकदा झालं तर उत्तम, पण रोज एकदा नीट झालं तरी मी समाधानी आहे.

जेवण झाल्यावर गालात घास राहिलाय का ते पाहायची सवय आत्तापासून लावा. आजार पुढं गेला की घास गालात साठतो, आणि घाणेरड्या तोंडातली लाळ किंवा अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो. जपानमध्ये ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं याचा अभ्यास झाला. जिथं जेवणानंतर तोंड स्वच्छ केलं जायचं तिथं ११ टक्के जणांना न्यूमोनिया झाला, जिथं तसं केलं जात नव्हतं तिथं १९ टक्के जणांना. अल्झायमरच्या शेवटच्या टप्प्यात माणसं पुष्कळदा न्यूमोनियानंच जातात. तुमच्या भावाला ‘या वयात दात कशाला’ याचं उत्तर द्यायचं असेल, तर हे आकडे सांगा.

कवळी बसलीच, तर ती रात्री काढून, मऊ ब्रशनं आणि साध्या साबणानं धुऊन, पाण्यात ठेवायची. कवळी घालूनच झोपणाऱ्या ८५ वर्षांच्या पुढच्या जपानी वृद्धांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळलाय. आतल्या बाजूला त्यांचं नाव घालून घ्या, कवळी बनवताना ते सहज होतं. दवाखान्यात, पाहुण्यांकडे, देवदर्शनाला, कुठंही ती हरवते.

आईंच्या तोंडात दुखतंय हे पुढं त्या सांगणार नाहीत तेव्हा तुम्ही ओळखायचं. एकाच बाजूनं चावणं, गरम चहा नको म्हणणं, गालावर हात ठेवून बसणं, आवडती भाकरी ढकलणं, रात्री कण्हणं, कवळी सारखी काढणं. यातलं काही नवीन दिसलं की आधी बॅटरी घेऊन तोंड पाहा. आणि एक-दोन दिवसांतच एकदम गोंधळ वाढला, माणसं ओळखू येईनाशी झाली, ताप किंवा चेहऱ्याला सूज आली, तर तो बहुधा अल्झायमर वाढलेला नसतो. जंतुसंसर्गानं वात झाल्यासारखं होतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मशेरी एका दिवसात हिसकावून घेऊ नका. तलफ आली की त्या डबी शोधतील, सापडली नाही की घाबरतील, चोरी झाली म्हणतील. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा. दिवसात पाच वेळा असेल तर चार, मग तीन. मधल्या वेळी डबी मागितली की बडीशेप द्या. मदत लागली तर तंबाखू सोडवणारी सरकारी फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. वृद्धांसाठीची १४५६७ ही फोनसेवाही आहे, ती तुमच्या स्वतःच्या दमण्यासाठीसुद्धा वापरा.

खर्चाचं म्हणाल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत काम अगदी कमी पैशात होतं. तिथवर नेणं जड असेल तर जवळच्या खासगी दंत महाविद्यालयातही दवाखान्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. विद्यार्थी काम करतात आणि शिक्षक तपासतात, वेळ थोडा जास्त लागतो. म्हणून एका खेपेत सगळं करायचा हट्ट धरू नका, आईंना अर्ध्या तासापेक्षा जास्त खुर्चीत बसवू नका.

जाताना त्या घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही, आणि हाडांसाठी इंजेक्शन घेतलं असेल तर दात काढायच्या आधी सांगायचंच. नंबर सकाळी दहाच्या सुमाराचा मागा. संध्याकाळ झाली की त्यांना घरी जायचं असतं, असं तुम्हीच लिहिलंय.

काय ठरलं ते मला कळवा. एक्स-रेचा फोटो पाठवलात, तर कोणते दात ठेवता येतील ते आपण दोघी मिळून बघू.